महिन्याच्या रिपोर्टमध्ये खुर्चीलाही एक ओळ द्या

प्रति,
डायलिसिस केंद्रांतील सर्व नेफ्रॉलॉजिस्ट, सिस्टर, टेक्निशियन आणि आहारतज्ज्ञ

विषय : व्हिटॅमिन डीचा आकडा आणि आमच्या पायांतली ताकद

स. न. वि. वि.

दर महिन्याला आमच्या हातात रक्ततपासणीचा एक कागद पडतो. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस, डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा युरिया, मधूनमधून पीटीएच, म्हणजे कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक. अलीकडे त्यात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डीची भर पडली आहे. आकडा कमी आला की त्यावर लाल खूण होते आणि राउंडला तुम्ही म्हणता, "डी कमी आहे, म्हणून अशक्तपणा. भरून काढू, पायांत ताकद येईल." औषध सुरू होते. दोन-तीन महिन्यांनी आकडा वर येतो, लाल खूण जाते आणि विषय संपतो. पायांत खरंच ताकद आली का, हे कोणी मोजत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मी स्वतः डायलिसिसवर आहे. निवृत्त होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवत होते, त्यामुळे एखादे विधान कानावर आले की "कशावरून?" असे विचारायची खोड अजून सुटलेली नाही. याला तक्रारीचे पत्र समजू नका. आठवड्यातून तीनदा माझा जीव तुमच्या हातात असतो आणि तुम्ही तो नीट सांभाळता. म्हणूनच तर तुमच्याशी इतके सविस्तर बोलावेसे वाटते.

आधी हा अशक्तपणा नेमका कसा असतो ते सांगते. डायलिसिस संपल्यावर येणारा थकवा वेगळा, तो झोप काढली की बराचसा उतरतो. मी म्हणते तो अशक्तपणा मांड्यांत, कमरेत आणि खांद्यांत मुक्कामाला येतो. सपाट जमिनीवर माणूस बऱ्यापैकी चालतो. पण बुटक्या खुर्चीतून उठायचे म्हटले की आधी कडेला सरकायचे, पाय मागे ओढून घ्यायचे आणि हात रेटून एक हिसका द्यायचा. त्यातला एक हात फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी धमनी आणि शीर जोडलेला. सुया काढून नुकतीच पट्टी बांधलेली असते आणि त्यावर भार द्यायचा नाही म्हणून तुम्हीच बजावलेले असते. उरलेल्या एका हातावर सगळे अंग उचलायचे. जिना चढताना कठडा धरलेला हात आधी ओढतो, पाय मागून येतो. केस विंचरायला वर नेलेला हात दुखून खाली येतो. बोटे मात्र शाबूत असतात. पेन धरता येते, बटण लावता येते. धडाजवळचे स्नायू आधी ढिले पडणे ही या दुबळेपणाची खूण तुम्हाला मी सांगायला नको. रक्तातले सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारे एन्झाइम, बहुतेक वेळा नॉर्मल येते, म्हणून कागदावर हा माणूस धडधाकट दिसतो.

यात व्हिटॅमिन डीचा हात असू शकतो, हे मला मान्य आहे. मुडदूस झालेल्या मुलांचे स्नायू लुळे पडतात आणि ती उशिरा चालू लागतात, हे जुने निरीक्षण आहे. मोठ्यांमध्ये व्हिटॅमिन डी फारच कमी पडून हाडे मऊ होतात, तेव्हा चाल डुलती होते आणि उठबस जड जाते. अशा रुग्णाच्या स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर झटकन आकुंचन पावणारे टाइप २ तंतू बारीक झालेले दिसतात. उठताना लागणारा जोर आणि तोल गेल्यावर सावरायला लागणारी चपळाई याच तंतूंची. या रुग्णांना व्हिटॅमिन डी दिले की ते हळूहळू हात न टेकता उठू लागतात. "ताकद येईल" या तुमच्या वाक्याच्या मागे हा खरा अनुभव आहे.

पण तो अनुभव मुख्यतः चालत्या किडनीच्या माणसांचा. आमच्याकडे साखळीतली एक कडीच तुटलेली असते.

उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे त्वचेत तयार झालेले किंवा तोंडावाटे घेतलेले व्हिटॅमिन डी स्वतः फारसे काही करत नाही. यकृतात त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप होते. हे रूप रक्तात आठवडेच्या आठवडे टिकते, म्हणून साठा पाहायला तुम्ही तेच मोजता. पुढे किडनीच्या नलिकांमधल्या पेशी त्याला आणखी एक हायड्रॉक्सिल गट जोडतात आणि कॅल्सिट्रायॉल हे सक्रिय संप्रेरक तयार होते. ते काही तासांतच ओसरते. ही शेवटची पायरी किडनीतच होते, हे १९७० साली केंब्रिजमध्ये फ्रेझर आणि कोडिचेक यांनी दाखवले. किडन्या काढून टाकलेल्या उंदरांना ते रूप तयार करता येत नव्हते. किडनी निकामी झालेल्यांची हाडे व्हिटॅमिन डीच्या नेहमीच्या डोसला दाद का देत नाहीत, हे तोवर डॉक्टरांना पडलेले कोडे होते. दोनच वर्षांत कॅल्सिट्रायॉल अशा रुग्णांना देऊन पाहिले गेले आणि त्यांच्या आतड्यातून कॅल्शियम पुन्हा शोषले जाऊ लागले.

शाळेत ही गोष्ट मी इथवर शिकवली असती आणि तास संपवला असता. पुढचा भाग मला डायलिसिसच्या खुर्चीत कळला. किडनी पूर्ण थकण्याच्या कितीतरी आधी हाडांमधून एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक जादा स्रवू लागते. फॉस्फरस बाहेर टाकायला किडनीला रेटणे हे त्याचे काम, पण जाता जाता ते कॅल्सिट्रायॉल बनवणाऱ्या एन्झाइमलाही दाबते. म्हणजे उरल्यासुरल्या किडनीलाही हे काम धड करू दिले जात नाही. किडनीबाहेरच्या काही पेशींत, उदाहरणार्थ रोगप्रतिकारक पेशींत, हे एन्झाइम असते आणि तिथे थोडेफार काम चालते. डायलिसिसवरच्या माणसालाही साधे व्हिटॅमिन डी द्यावे म्हणणाऱ्यांचा एक मुख्य मुद्दा हाच आहे. मुद्दा चांगला आहे. त्यातून मांडीला किती मिळते, हा प्रश्न उरतोच.

म्हणून आमच्या औषधांच्या यादीत व्हिटॅमिन डीच्या नावाखाली दोन वेगवेगळी कामे करणारी औषधे असतात. एक, साठा भरणारे कोलेकॅल्सिफेरॉल किंवा अर्गोकॅल्सिफेरॉल, बहुधा आठवड्याला किंवा महिन्याला. दुसरे कॅल्सिट्रायॉल, अल्फाकॅल्सिडॉल किंवा पॅरिकॅल्सिटॉल, जे किडनीची पायरी ओलांडून थेट काम करते आणि मुख्यतः पीटीएच खाली आणायला दिले जाते. पहिल्याने रिपोर्टमधला २५-हायड्रॉक्सीचा आकडा वाढतो, दुसऱ्याने वाढत नाही. हा फरक आम्हाला कोणी समजावून सांगत नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या काकांना आठवड्याचे औषध सुरू झाले, तेव्हा "व्हिटॅमिन डी दोनदा कशाला" म्हणून त्यांनी रोजची छोटी कॅप्सूल बंद केली. पुढच्या तपासणीत पीटीएच चढलेले निघाले. डोस वाढवला गेला, आणि गोळी मुळात पोटात जातच नव्हती हे बऱ्याच उशिरा उघड झाले. याच्या उलटही घडते. हाडांच्या डॉक्टरांनी एक लिहिलेले, तुम्ही दुसरे, दुकानातून आणलेल्या कॅल्शियमच्या गोळीत तिसरे. कॅल्शियम वर गेले की मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा येतो आणि स्नायूही दुबळे होतात. म्हणजे ज्यासाठी औषध घेतले तेच जास्त घेतल्याने बिघडते. पुढे रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणे, पीटीएच गरजेपेक्षा दबून हाडांची झीज आणि भर थांबणे हे सगळे तुम्हाला ठाऊकच आहे. माझी विनंती एवढीच की औषधाच्या चिठ्ठीवर नावापुढे ते कशासाठी आहे हे चार शब्दांत लिहा. "साठ्यासाठी" आणि "पीटीएचसाठी", इतके पुरे.

आता पुराव्याकडे वळते.

२००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात हिमोडायलिसिसवरच्या, म्हणजे मशीनवर रक्त गाळून घेणाऱ्या, रुग्णांची तुलना केली होती. कॅल्सिट्रायॉल किंवा पॅरिकॅल्सिटॉल घेणाऱ्यांच्या मांडीचे स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा मोठे आणि जास्त जोराचे निघाले. हा निष्कर्ष अनेकदा ऐकवला जातो. पण ती एका वेळची पाहणी होती. औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, डॉक्टरांनी आपापल्या कारणांनी ठरवलेले होते. औषध घेणारे आणि न घेणारे इतर कितीतरी बाबतींत वेगळे असू शकतात.

चिठ्ठ्या टाकून केलेला अभ्यास २०१३ साली ऑस्ट्रेलियातून आला. हिमोडायलिसिसवरचे, व्हिटॅमिन डी कमी असलेले ६० रुग्ण. निम्म्यांना कोलेकॅल्सिफेरॉल ५०,००० युनिट, आठ आठवडे दर आठवड्याला आणि नंतर चार महिने दर महिन्याला. उरलेल्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. रक्तातला आकडा अपेक्षेप्रमाणे वाढला. स्नायूंचा जोर, हालचालीची क्षमता, जगण्याचा दर्जा यांत दोन गटांत फरक पडला नाही.

६० रुग्ण आणि सहा महिने म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, हे मला कळते. अगदी तळाला गेलेल्या, हाडे मऊ पडलेल्या मोजक्या माणसांना झालेला फायदा अशा सरासरीत बुडून जाऊ शकतो. म्हणून "डीचा उपयोगच नाही" असे म्हणायला मी धजावत नाही. पण "ताकद येईल" असे वचन द्यायलाही हा पुरावा पुरत नाही. "आकडा कमी आहे, भरून काढू. पायांना फायदा झाला तर चांगलेच, झाला की नाही ते मोजून पाहू," असे वाक्य मला जास्त प्रामाणिक वाटते. तुमच्या मार्गदर्शक तत्त्वांचा सूरही याहून फार वेगळा नाही. केडिगो या किडनीरोगांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१७ च्या सुधारित शिफारशींत २५-हायड्रॉक्सीची कमतरता सामान्य लोकांसारखीच भरून काढावी असे सुचवले आहे, आणि ही शिफारस दुबळ्या पुराव्यावर उभी आहे हे तिच्या श्रेणीतच नोंदवले आहे. तिथला तो संकोच राउंडपर्यंत येता येता कुठेतरी गळून पडतो.

मुळात व्हिटॅमिन डी स्नायूवर थेट काम करते का, यावरही शास्त्रज्ञांचे एकमत नाही. त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणारे पेशीतले प्रथिन, स्नायूत सापडतो असे बरीच वर्षे लिहिले जात होते. २०११ मध्ये वँग आणि डेलुका यांनी दाखवले की तो शोधायला वापरलेली काही अँटिबॉडी इतर प्रथिनांनाही चिकटत होती. नेमकी अँटिबॉडी वापरल्यावर प्रौढ स्नायूत त्यांना रिसेप्टर दिसला नाही. त्यावर उलट-सुलट बरेच लिहिले गेले आहे. परिणाम कॅल्शियम, फॉस्फेट आणि पीटीएच यांच्या वाटेने होत असणे अगदी शक्य आहे. पीटीएच खूप वाढले तरी स्नायू दुबळे होतातच. तसे असेल तर नुसता डीचा आकडा वर नेऊन बाकीचे तिथेच ठेवले, तर पाय ढिम्म राहिले याचे आश्चर्य वाटू नये.

आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. ज्याचे पाय चालतात तो घराबाहेर पडतो, त्याला ऊन मिळते, त्याचा डी बरा असतो. ज्याचे पाय गेले तो खोलीत बसतो आणि त्याचा डी उतरतो. मग दोघांचे रक्त तपासून "डी कमी म्हणून पाय दुबळे" असा निष्कर्ष काढायचा, की पाय दुबळे म्हणून डी कमी? आमच्यात बहुधा दोन्ही चाके एकदमच फिरत असतात. पोटाचे डायलिसिस करणाऱ्यांचे आणखी वेगळे. व्हिटॅमिन डी वाहून नेणारे प्रथिनच बाहेर काढलेल्या पाण्यातून जात राहते, त्यामुळे त्यांचा आकडा खाली असण्याला हेही एक कारण असते.

"देऊन टाकू, नुकसान तर नाही ना" हे वाक्यही मी ऐकले आहे. ऑस्ट्रेलियातच २,२५६ वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा ५,००,००० युनिटचा डोस किंवा खोटी गोळी देऊन पाहिले होते. निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. औषध घेतलेल्या स्त्रिया जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका अभ्यासात सत्तरीपुढच्या लोकांना दरमहा ६०,००० युनिट दिले, तेव्हा २४,००० युनिट घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात पडणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले. पायांची ताकदही अधिक सुधारली नव्हती. हे लोक डायलिसिसवरचे नव्हते, हे खरे. पण आमची हाडे त्यांच्यापेक्षा ठिसूळ आणि डायलिसिसनंतर रक्तदाब आधीच डगमगता. एकदम मोठा डोस देताना हात थोडा आखडावा, असे मला वाटते. सक्रिय औषधांचीही तीच गोष्ट. जपानमध्ये पीटीएच फारसे न वाढलेल्या ९७६ हिमोडायलिसिस रुग्णांवर अल्फाकॅल्सिडॉल वापरून पाहिले, २०१८ मध्ये निकाल आला आणि हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. तो प्रश्न हृदयाचा होता, पायांचा नव्हता. पण "डी म्हणजे सगळ्याला चांगले" या समजुतीला तिथेही आधार मिळाला नाही.

मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते या लाल खुणेमागे काय काय झाकले जाते याबद्दल.

अशक्तपणाचे कारण एकदा "डी कमी" असे ठरले की पुढे कोणी बघत नाही. डायलिसिसवरच्या माणसाचा स्नायू झिजायला किती कारणे हाताशी असतात! रक्तातले आम्ल वाढलेले राहिले की शरीर आपलेच स्नायू तोडू लागते, म्हणून बायकार्बोनेट २२ च्या खाली राहणाऱ्याच्या पायांकडे आधी पाहायला हवे. एका हिमोडायलिसिसमध्ये काही ग्रॅम अमिनो आम्ले गाळणीतून निघून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज प्रथिने जातात. प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने खा, असे आहारतज्ज्ञ सांगतात, पण फॉस्फरसच्या धाकाने रुग्ण नेमकी तीच खाणी सोडतो. शरीरातला मंद दाह, इन्सुलिनला न जुमानणाऱ्या पेशी, मधुमेहाने खराब झालेल्या नसा, थायरॉइड, कोलेस्टेरॉलची काही औषधे, कमी झालेले टेस्टोस्टेरॉन. आणि आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास पडून राहणे, वर घरी जाऊन पुन्हा पडणे. यातले एकही कारण कोलेकॅल्सिफेरॉलने हलत नाही.

तुमच्या विद्येच्या इतिहासात याचा एक कडवट दाखलाही आहे. १९७० च्या दशकात काही डायलिसिस केंद्रांत, इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये तर ठळकपणे, रुग्णांची हाडे मऊ पडून मोडू लागली. स्नायू दुबळे झाले, काहींच्या मेंदूवर परिणाम झाला. व्हिटॅमिन डीने हाडे सुधारेनात. दोष पाण्यात निघाला. डायलिसिसच्या पाण्यातले ॲल्युमिनियम रक्तात उतरून हाडांत साचत होते, आणि फॉस्फरस बांधणाऱ्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यांनीही त्यात भर घातली. आज मशीनमागे आरओचे पाणी चालते ते याच धड्यामुळे. त्या काळी कुणी "डी देतोय, थांबा" एवढ्यावर समाधान मानत बसले असते, तर पाण्याकडे पाहायला आणखी उशीर झाला असता.

स्नायू कमी होत चालल्याची बातमी कधीकधी तुमच्या कागदावर चांगली बातमी म्हणून येते, हे त्याहून विचित्र. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. डायलिसिसच्या आधीचे माझे क्रिएटिनिन महिन्यामागून महिने घसरत गेले, तेव्हा घरच्यांना आनंद झाला आणि राउंडलाही कोणी "छान" म्हटले. डायलिसिस तेवढेच, उरलेली किडनी तेवढीच, तर क्रिएटिनिन कमी होणार कशाने? मांडीतले मांस कमी झाल्याने. डायलिसिसवर क्रिएटिनिन कमी असणाऱ्यांचे पुढचे आयुष्य जास्त धोक्याचे असते, हे तुमचे अभ्यास सांगतात. फॉस्फरस आपोआप खाली आले तर त्यातही बऱ्याचदा कमी झालेले जेवण दडलेले असते. ड्राय वेटचेही, म्हणजे जादा पाणी काढल्यावर उरायला हवे त्या ठरवलेल्या वजनाचेही, तसेच. वजनकाट्यावर आकडा तोच, पण आतले मांस गेले आणि त्या जागी पाणी आले. टेक्निशियनने तेच ड्राय वेट धरून पाणी काढले की अंगात पाणी शिल्लक राहते. मग धाप, मग सूज, मग "पाणी फार पिता" म्हणून रुग्णाला बोलणी. पँट कमरेवर सैल होतेय का, एवढा प्रश्न विचारला तरी उलगडा होतो.

आणि ज्याने फरक पडतो हे दिसले आहे, ते मात्र आमच्या चिठ्ठीवर लिहिले जात नाही. इटलीत हिमोडायलिसिस आणि पोटाच्या डायलिसिसवरच्या रुग्णांना घरच्या घरी ठरावीक वेगाने चालण्याचा सोपा कार्यक्रम दिला होता. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. सहा महिन्यांनी त्यांचे सहा मिनिटांत चालून होणारे अंतर वाढले आणि खुर्चीतून पाचदा उठबस करायला लागणारा वेळ कमी झाला. न चालणाऱ्या गटात तसे झाले नाही. जर्मनीत त्याहून मोठा प्रयोग झाला, १,२११ रुग्ण घेऊन, तोही डायलिसिस चालू असतानाच खुर्चीवर करायच्या व्यायामाचा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार वर्षभरानंतर व्यायाम करणाऱ्यांची एका मिनिटातली उठबस सरासरी १६ वरून १९ वर गेली, न करणाऱ्यांची १६ वरून १५ च्या खाली आली. सगळ्या अभ्यासांचे निकाल इतके चांगले नाहीत. मशीनवर नुसती सायकल मारून जगण्याचा दर्जा सुधारला नाही, असे ब्रिटनमधल्या एका प्रयोगाने सांगितले. तरी तराजूत घातले तर पायांसाठी व्यायामाचे पारडे व्हिटॅमिन डीपेक्षा आज उघडच जड आहे. मला स्वतःला वाटते, डी भरलेला असेल तर व्यायामाचा गुण अधिक येईल का, हाच खरा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो आमच्यासारख्यांवर नीट अभ्यासून पाहावा असा आहे.

तर मागणी काय? खुर्ची आणि घड्याळ.

दर तीन महिन्यांनी, पीटीएचचे रक्त काढता त्याच आठवड्यात, डायलिसिसला सुया टोचण्याआधी आमची एक परीक्षा घ्या. डायलिसिसनंतर घेऊ नका, तेव्हा आम्ही पिळलेले असतो आणि आकडा खोटा येतो. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली सरळ पाठीची खुर्ची. हात छातीवर दुमडलेले. पाचदा पूर्ण उठायचे, पाचदा बसायचे, लागलेले सेकंद लिहायचे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यायची. युरोपीय गटाची रेषा १५ सेकंदांची आहे. आमच्यातल्या कितीतरी जणांना पाच उठबशा पुऱ्याच करता येणार नाहीत. ज्याला एकदाही उठता आले नाही त्याच्यापुढे "नाही" लिहा, ती सर्वांत महत्त्वाची नोंद. सोबतीला मुठीचा जोर मोजायचे यंत्र मिळाले तर उत्तमच. आशियाई निकषांत पुरुषांसाठी २८ किलोच्या खाली आणि स्त्रियांसाठी १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. फक्त फिस्टुलाचा हात वापरू नका, आणि दर वेळी तोच हात घ्या.

वेळ नाही, असे म्हणाल. वजन करायला आम्ही रांगेत उभे असतोच, त्याच रांगेत माणशी एखादे मिनिट जाईल. ज्याचा रक्तदाब उभे राहिल्यावर कोसळतो, ज्याच्या छातीत दुखते, ज्याचा पाय कापलेला आहे किंवा नुकतेच हाड मोडले आहे, त्याला यातून वगळा आणि तसे लिहा. शेजारी एक माणूस उभा ठेवा. पडण्याची भीती आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त आहे.

हा आकडा वेगळ्या फाइलीत नको. रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डीच्या बरोबर खालच्या ओळीत हवा. म्हणजे डी १२ वरून ३२ वर गेला आणि उठबस १९ सेकंदांची १९ च राहिली, तर ते तुमच्या आणि आमच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी येईल. मग औषध बंदच करा असे नाही, साठा भरलेला राहू द्या. पण पुढचा प्रश्न विचारला जाईल. बायकार्बोनेट किती? जेवण किती? क्रिएटिनिन घसरतेय का? पीटीएच कुठे आहे? फिजिओथेरपिस्टकडे पाठवायचे का? आणि ज्याचा डी अगदी तळाला आहे, हाडे दुखतात, बरगडी किंवा नडगी दाबली की कळ येते, अशा एखाद्याची उठबस औषधाने खरोखर सुधारली तर तेही दिसेल. त्याला "ताकद येईल" हे वाक्य खुशाल ऐकवा, त्याच्यासाठी ते खरे ठरले असेल.

ज्या रुग्णांना दोन्ही प्रकारचे व्हिटॅमिन डी चालू आहे, त्यांच्या औषधांच्या पिशव्या एकदा टेबलावर ओतून पाहा. नेफ्रॉलॉजिस्टनी स्वतः बसण्याची गरज नाही, एखादी अनुभवी सिस्टर हे अधिक नीट करील. कॅल्शियमच्या गोळ्या, टॉनिके, कोणा नातेवाइकाने दिलेली पाकिटे, सगळे बाहेर येईल.

यातले काय जमेल, काय जमणार नाही आणि का, ते युनिटच्या फलकावर लिहून लावा. चार तास आम्ही समोरच असतो, वाचून होईल.

आपली,
डायलिसिसवरची एक निवृत्त शिक्षिका